मुंग्यांनी फिरवलेलं चाक

मोटारसायकलच्या टायरचं माप मी हिच्या शिवणकामाच्या टेपने घेतलं होतं, हे आधीच सांगून टाकतो. मागाहून दुसऱ्या कोणी सांगण्यापेक्षा ते बरं. चाकाभोवती टेप गुंडाळला, घेर लिहिला, मग रुंदी लिहिली, आणि तो कागद खिशात घालून अमरावतीतल्या एका मोठ्या टायरच्या दुकानात जाऊन उभा राहिलो. काउंटरवरच्या माणसाने कागद वाचला, उलटा करून मागची बाजू पाहिली, परत वाचला. मग अगदी आदराने म्हणाला, "सर, टायर घ्यायचा आहे की शिवायचा आहे?"

दुकानात तिघं-चौघं गिऱ्हाइकं होती आणि त्यातला एक माझा जुना विद्यार्थी निघाला. सव्वीस वर्षं एकाच शहरात शाळेत विज्ञान शिकवल्यावर फजितीला साक्षीदार शोधावा लागत नाही. त्याने हळूच सांगितलं की टायरच्या अंगावरच त्याचं माप ठसठशीत छापलेलं असतं. "सर, आपणच शिकवलं होतं, आधी निरीक्षण करा म्हणून."

ही गोष्ट मे महिन्यातली. त्याला आता तीन उन्हाळे झाले. पण दर वर्षी मे आला, कूलरच्या ताट्या बदलल्या, ओल्या वाळ्याचा वास घरभर पसरला आणि दुपारचा रस्ता धुऊन पुसून ठेवल्यासारखा रिकामा झाला, की ते सगळं पुन्हा येऊन माझ्या खाटेच्या पायथ्याशी बसतं.

आमच्या वऱ्हाडात भुतं रात्री फारशी निघत नसावीत. उन्हाळ्याच्या रात्री सगळी अमरावती गच्चीवर असते; कोणी अंथरुणावर पाणी शिंपडतो, कोणी रेडिओ लावतो, कोणी शेजाऱ्याशी कठड्यावरून भांडतो. भुताला एकांत मिळायचा कुठे? खरी ओसाड वेळ दुपारची. बारानंतर कुत्रीसुद्धा गटाराच्या सावलीत सरकतात. झाडाचं पान हलत नाही, आणि तरी कुठेतरी काहीतरी हलल्यासारखं वाटतं. लांबवर डांबरी रस्त्यावर पाणी साचलेलं दिसतं. ते पाणी नाही हे आठवीच्या वर्गात मी आकृती काढून शिकवतो. पण रस्त्यावर एकटा असताना त्या पाण्यात कोणीतरी उलटं उभं दिसलं, तर आकृती कामाला येत नाही.

गाडी माझ्या मुलीची, रेणूची. लाल, लहानखुरी, पण बाणा शर्यतीच्या गाडीचा. तिच्यावर बसायला चढावं लागतं आणि बसल्यावर कोणाच्या तरी पाया पडत असल्यासारखं वाकावं लागतं. मुलीने असली गाडी घ्यावी का, यावर आमच्या नातेवाइकांत बरीच चर्चा झाली. रेणूने ती चर्चा ऐकली आणि गाडी आणली. ती चालवायचीही देखणी. कोपऱ्यावर वळताना गाडी अशी कलायची की मी फाटकात उभा राहून नकळत उलट्या बाजूला झुकायचो.

मग तो गुढीपाडवा, टायर घ्यायला गेलो त्याच्या आदल्या वर्षीचा. सकाळी मी तिची गाडी धुतली. वाहनाची पूजा करायची म्हणजे वाहन उठून दिसलं पाहिजे, असं माझं मत. पेट्रोलच्या टाकीवर स्वस्तिक काढलं, हँडलला झेंडूचा हार घातला, आणि टायरला असा काळाभोर तजेला आणला की शेजारचे काका कंपाउंडपर्यंत येऊन बघून गेले. आतून हिने काहीतरी म्हटलं, कूलरच्या आवाजात मला ऐकू आलं नाही, मी आपलं "हो हो" म्हटलं. संसारात निम्मी उत्तरं अशीच दिलेली असतात.

लवकर जेवून रेणू अकराच्या आधीच अकोल्याला निघाली. जठारपेठेत माझा मेहुणा, म्हणजे तिचा दिलीपमामा राहतो. त्याच्याकडे पुरणपोळ्या पोचवायच्या होत्या. मूर्तिजापूरच्या अलीकडे मोठा रस्ता सोडून जुन्या रस्त्याला वळलं की एक लांबट वळण लागतं. डाव्या हाताला एकच बाभूळ, उजव्या हाताला काळं नांगरलेलं रान. रस्ता कोरडा होता. समोरून कोणी आलं नव्हतं. मागे कोणी नव्हतं. त्या वळणावर गाडी रेणूच्या खालून निघून गेली.

"निघून गेली" हे तिचेच शब्द. डावं मनगट मोडलं, हनुवटीला टाके पडले. पुरणपोळ्यांचा डबा शाबूत राहिला आणि बघायला येणाऱ्या प्रत्येकाने त्याचं नवल केलं.

मग कारणं सुरू झाली. कोरड्या रस्त्यावर, भर बारा वाजता, एकटीच कशी पडते? दिलीपला त्याच्या ओळखीच्या एका म्हाताऱ्याने सांगितलं की ते वळण पूर्वीपासूनच बरं नाही. दिलीप तसा हिशेबी माणूस, मालवाहू गाड्या चालवणारा. पण भाचीवर जीव. त्याने त्या बाभळीखाली नारळ फोडला. पुढच्या आठवड्यात तिथला एक दगड उचलून उभा केला आणि शेंदूर लावला. "भाऊजी, तुमी विज्ञानवाले. तुमी नका मानू. मी मानतो, माह्या पोट्टीसाठी," असं तो म्हणाला. मीही त्याला अडवलं नाही. खरं सांगायचं तर बरं वाटलं. आपल्या मुलीची चूक असण्यापेक्षा बाभळीची चूक असलेली बापाला परवडते.

गाडी परत आणून पोर्चमध्ये उभी केली, वर खाकी कव्हर घातलं. आणि मग मुंग्या आल्या.

चैत्राच्या अखेरीस एका दुपारी मी पोर्चमध्ये गेलो तर कव्हराच्या खालच्या कडेतून काळ्या मुंग्यांची रांग आत जात होती. कव्हर उचललं. रांग मागच्या चाकावर चढली होती, आणि टायरच्या कडेकडेने गोल फिरत होती. खालून वर, वरून खाली, पुन्हा खालून वर. दुसरीकडे कुठेही मुंगी नव्हती. सीटवर नाही, साखळीवर नाही, शेजारच्या माझ्या स्कूटरवर तर नाहीच नाही. फक्त दोन चाकांच्या काठांवर. किती वेळ बघत राहिलो कोण जाणे. एकटक पाहिलं की मुंग्या थांबल्यासारख्या वाटायच्या आणि चाक फिरायला लागायचं. उभी गाडी, मोडलेला आरसा, वारा नाही, आणि चाक आपलं सावकाश, अजिबात आवाज न करता, कुठेतरी निघालेलं.

मी कव्हर खाली सोडलं आणि आत येऊन दार लावून घेतलं. भर दुपारी. पन्नाशीच्या माणसाने.

त्याहून विचित्र म्हणजे काही सकाळी मुंग्या नसायच्या. एकही नाही. चाकाची कड कोणीतरी हात फिरवून पुसल्यासारखी स्वच्छ. आणि दुपारी पाहावं तर पुन्हा रांग, पुन्हा तेच फिरणं. हिला विचारलं तर म्हणाली, "असतील. उन्हाळ्यात निघतातच." एवढं बोलून कणीक मळायला लागली. मला तेव्हा वाटलं, बायकांना भीती कशी वाटत नाही.

रेणूचं मनगट जुळलं. ती नागपूरला पुढच्या शिक्षणाला गेली. गाडीचं नाव काढेना. पाऊस गेला, थंडी गेली, एका जागी उभे राहून टायर खालून चपटे झाले, त्यांच्यावर बारीक चिरा पडल्या. संत्र्याची साल वाळली की पडतात तशा. पुढचा मे आला आणि तिचा फोन आला.

"बाबा, मी शुक्रवारी येतेय. गाडी विकून टाकू."

"का गं?"

"मला नाही जमत. हात नाहीये माझा." मग जरा थांबून म्हणाली, "मी खूप वेळा आठवून पाहिलं. रस्ता ठीक होता, गाडी ठीक होती. म्हणजे मीच उरले ना? फक्त टायर तेवढे बदलून ठेव. असे चपटे टायर पाहून कोणी घेणार नाही."

फोन ठेवल्यावर पहिल्यांदा माझ्या मनात काय आलं, ते लिहायला लाज वाटते: बरं झालं. आता काळजी नाही. मग स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसलो आणि "हात नाहीये माझा" हे तिचं बोलणं डोक्यात फिरत राहिलं. ज्या पोरीने चौथीत असताना माझी स्कूटर गल्लीभर नेऊन आणली होती, तिचं हे बोलणं. तिला बाभळीवर दोष टाकता येत नव्हता. आमच्या घरात एकटी तीच खरी विज्ञानवाली.

तर त्या टेपच्या प्रकारानंतर कळलं की अमरावतीच्या दुकानात योग्य मापाची जोडी नव्हतीच. दिलीप म्हणाला, अकोल्याला गुणवंतरावांकडे न्या. त्याने गुरुवारी आपल्या पिकअपमध्ये गाडी चढवली, दोर बांधले, मी शेजारी बसलो. ते वळण आलं. दगडावर आता चार विटांचा ओटा झाला होता, वर भगवा झेंडा, एक पितळी घंटा. दिलीपने हॉर्न हलकाच दोनदा दाबला. पुढच्या ट्रकनेही तसाच दाबला होता.

"सगळेच दाबतात आता," दिलीप म्हणाला.

रात्री जठारपेठेत मुक्काम केला. शुक्रवारी सकाळी नऊ वाजता गुणवंतरावांच्या दुकानात.

गुणवंतराव सत्तरीचे. घरची शेती, पण तरुणपणी ट्रॅक्टरच्या टायरच्या नादाने दुकानात बसले ते बसलेच. त्यांची पद्धत अशी की नवा टायर दाखवायच्या आधी जुना बघायचा. मांडी घालून खाली बसले, चष्मा कपाळावर सरकवला, डोळे मिटले आणि अंगठ्याचं नख टायरवरून हळूहळू फिरवायला लागले. डॉक्टर पोट दाबून बघतो ना, तसं. मी टेपचा किस्सा सांगितला नाही.

"मास्तर, गाडी चालवते कोण?"

"मुलगी. चालवायची. आता विकायची आहे. तुम्ही आपले साधे, टिकाऊ टायर टाका."

"काहून विकता?"

"पडली होती. तिला वाटतं आपल्याला जमत नाही."

त्यांनी डोळे उघडले नाहीत. "खोटं हाय. भेणाऱ्या माणसाच्या टायरची मधली पट्टीच झिजते, वळणावर तो गाडी वाकवतच नाही. हिच्या दोन्ही कडा पाहा, सारख्या झिजल्या, डावी तशीच उजवी. लय तोललेला हात हाय पोट्टीचा. असा हात माह्या दुकानात वर्षाकाठी एखादा येते." नख फिरत फिरत कडेपाशी आलं आणि थांबलं. त्यांनी अंगठा नाकाशी नेला. मग डोळे उघडून माझ्याकडे पाहिलं.

"मास्तर, याले तेल कोणं पाजलं जी?"

दुकानात पंखा फिरत होता. दिलीप बाहेर कोणाशी तरी बोलत होता.

"मधलं रस्त्यानं पुसून नेलं," गुणवंतराव सांगत होते, "कडेचं राह्यलं. सरळ रस्त्यावर कड टेकतच नाही. गाडी पहिल्यांदा नीट वाकली, का कड टेकली, का गेली. पाहा, अजून धूळ चिकटून हाय. खोबरेल हाय हे. रबर फुगलं त्याच्यानं."

दर वर्षी जुलैमध्ये मी आठवीला घर्षणाचा धडा शिकवतो. तेल लावल्याने घर्षण कमी होते, लिहा, अधोरेखित करा. सव्वीस वर्षं लिहून घेतलं. आणि पाडव्याच्या सकाळी, चांगली ओंजळभर खोबरेल घेऊन, दोन्ही चाकांना, दोन्ही कडांना, बोटांनी चोळून चोळून...

"मीच," मी म्हणालो.

गुणवंतराव हसले नाहीत. हसले असते तर बरं झालं असतं. ते उठले आणि आतून दोन जोड्या आणल्या. एक कडक रबराची, वर्षानुवर्षं पुरणारी. दुसरी मऊ, नख रुततं, लवकर झिजते, पण वळणावर रस्ता सोडत नाही. "विकायची असन तर हे पहिले घ्या. तिनंच चालवायची असन तर हे दुसरे. सांगा."

एका टायरवर एवढा वेळ विचार करणारं गिऱ्हाईक त्यांनी पाहिलं नसेल. कडक टायर घेतला की सगळं गुपचूप मिटत होतं. गाडी जाणार, रेणू सुरक्षित, बाभूळ दोषी, बाप निर्दोष. मी मऊ टायरवर हात ठेवला. तो गार होता, आणि जरासा चिकट, जिवंत वस्तूसारखा.

टायरवर एक बाण असतो, चाक कुठल्या दिशेने फिरायचं ते दाखवणारा. बाण बघून त्यांनी जोडी बसवली आणि म्हणाले, "एक ध्यानात ठेवा. नव्या टायरलेही कारखान्यातली चमक असते. पहिले शंभर किलोमीटर सांभाळून. चमक गेल्याबिगर पोट्टीले देऊ नका."

अकोला ते अमरावती, साधारण शंभर किलोमीटर. दिलीप म्हणाला पिकअपमध्ये टाकू. मी नाही म्हणालो. चमक मी आणली होती, घालवायलाही मीच पाहिजे होतो.

ऊन लागू नये म्हणून वहिनींनी, म्हणजे दिलीपच्या बायकोने, माझ्या खिशात कांदा कोंबला, डोक्याला शेला बांधला, वर हेल्मेट. अकरा वाजता निघालो. रेणू संध्याकाळी पोचणार होती. पोट टाकीवर टेकलेलं, कंबर आकाशाकडे, ताशी तीसच्या वेगाने मी वऱ्हाडातून चाललो होतो. सायकलवाले मागे वळून बघत होते. बोरगावपर्यंत मला माझंच हसू येत होतं. पुढे हसू आटलं. सगळा मुलूख पांढरा झाला होता. शेतं रिकामी, थांब्यांवर माणूस नाही, डांबर मऊ पडून चाकाखाली चर्रर्र आवाज करत होतं, आणि समोरचं ते पाणी मी जेवढा जवळ जाईन तेवढं मागे सरकत होतं. मला वाटत होतं कोणीतरी माझ्या पुढे, नेमक्या त्याच अंतरावर, जात आहे.

वळणाशी पोचलो तेव्हा माथ्यावर ऊन होतं. बाभळीची सावली बाभळीच्याच पायाशी गोळा होऊन बसली होती. मी गाडी थांबवली, इंजिन चालूच ठेवलं. ओट्यापाशी एक ट्रक उभा, आणि ड्रायव्हर, पांढऱ्या मिशांचा माणूस, वाकून उदबत्ती लावत होता. वारा इतका पडलेला होता की उदबत्तीचा धूर सरळ उभा राहिला, दोरीसारखा.

"पाया पडून घ्या भाऊ," तो पाठमोराच म्हणाला. "एक पोट्टी मेली इथं."

मला वाटलं मी नीट ऐकलं नाही. "कोण?"

"पोट्टी. सणाच्या दिवशी. भर बारा वाजता. लाल गाडी व्हती म्हणते तिची. अजून येते आवाज, दुपारचा. मी ऐकला हाय ना. गाडी दिसत नाई, आवाज तेवढा..."

इथे तो थांबला. कारण आवाज येत होता. तो सावकाश वळला. समोर लाल गाडी, वर शेला आणि हेल्मेटमध्ये तोंड नसलेला कोणीतरी.

मी काच वर करून सांगायला हवं होतं: ती मेली नाही हो, नागपूरला शिकते, आज येतेय. मी तोंड उघडलं. घसा असा कोरडा पडला होता की त्यातून नुसती हवा आली. त्याच्या हातातली काडेपेटी खाली पडली. तो मागे मागे जात ट्रकच्या चाकाला टेकला आणि हात जोडले. मला. घंटा हलत नव्हती, पण तिचा आवाज कानात येत होता असं अजूनही वाटतं. तो इंजिनाचा असेल, उन्हाचा असेल. मी तिथून निघालो. कलण्याची हिंमत झाली नाही, लहान मूल वळवतं तशी गाडी सरळ उभी ठेवून वळवली. मागे वळून पाहिलं नाही.

पुढचा सगळा रस्ता एकच गोष्ट डोक्यात होती. माझ्या चुकीचा दगड झाला होता. दगडाचा देव झाला होता. आणि आता त्या देवाला गोष्ट पाहिजे, म्हणून लोकांनी माझ्या जिवंत मुलीला मारून टाकलं होतं. मी वर्षभर बाभळीला दोष देत बसलो तेव्हा ही गोष्ट आपली आपली वाढत होती.

संध्याकाळी रेणू आली. पोर्चमध्ये चहा घेत होती, ही दारात उभी. चहा संपायच्या आत मी सांगून टाकलं. पाडवा, खोबरेल, कडा, गुणवंतरावांचं नख. ड्रायव्हरचं तेवढं सांगितलं नाही. ते आज पहिल्यांदा लिहितो आहे.

रेणूने कप खाली ठेवला.

"म्हणजे मी बरोबर वळवली होती?"

"बरोबर. ते म्हणाले, लय तोललेला हात हाय. असा वर्षाला एखादा येतो."

"बाबा," ती म्हणाली, "वर्षभर मी स्वप्नात तेच वळण घेतेय. आणि दर वेळी हाताला शिव्या देत उठतेय." तिचा आवाज फाटला. मग ती खाली वाकली, पुढच्या टायरवर तळवा घासला, मागच्यावर घासला, चमक गेली होती. बोटं नाकाशी नेऊन हुंगली. "तेल नाही ना लावलं?" म्हणाली, आणि माझं तोंड बघून रडता रडता हसली. हेल्मेट उचललं. गाडी सुरू झाली.

तो दगड अजून आहे. आता वर पत्र्याचं छप्पर आहे. तिथून जाताना मी हॉर्न दाबत नाही, आणि दुपारी मात्र तिथून जात नाही. रेणू जाते. ती परतताना गाडीचा आवाज लांबून आला की ही उठून कूलर बंद करते, नीट ऐकू यावा म्हणून.

त्या संध्याकाळी आवाज कोपऱ्यापर्यंत गेला. तिथे वळण आहे. आम्ही दोघं फाटकात उभे होतो, आणि दोघंही नकळत एकाच बाजूला झुकलो. आवाज वळला, सरळ झाला, पुढे गेला. मी श्वास सोडला. हिने सोडला नाही. पदराच्या टोकाशी चाळा करत होती.

"मुंग्या मी पुसत होते सकाळी," ती म्हणाली. "तुम्ही उठायच्या आत. जुन्या फडक्यानं."

मी तिच्याकडे वळलो. "मग तुला माहीत होतं?"

तिने मान हलवली, पण हो म्हणून की नाही म्हणून, ते मला कळलं नाही. आवाज आता खूप लांब गेला होता, असून नसल्यासारखा.

"मागच्याच चाकाला लावलं होतं तुम्ही आधी," ती म्हणाली. "पुढचं कोरडं दिसते, त्यालेही लावा, असं आतून मीच म्हटलं होतं ना तुमाले."